मापात बसलेली साइडकार

घरी पाहुणे आले, जेवणं झाली आणि गप्पा जरा थंडावल्या, की बायको माझ्याकडे बघून म्हणते, "सांगा आता तुमच्या सरांचं." मी नाही-नाही म्हणत सांगणारच, हे तिला माहीत असतं. मुलगी लगेच कानात इअरफोन घालते. मी कुठे आवाज बदलतो आणि कुठे पाणी प्यायला थांबतो, हेसुद्धा तिला पाठ झालंय. पाहुणे मात्र पोट धरून हसतात. मला दुसरं काही येत नाही. ना गाता येत, ना पत्ते खेळता येत. सरांचं तेवढं येतं.

सर शाळेतले नव्हेत. मी परभणीकडून नोकरी शोधत आलो आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात चिकटलो, तेव्हा ते तिथल्या स्टँडर्ड रूमचे प्रमुख होते. स्टँडर्ड रूम म्हणजे मोजायच्या उपकरणांनाच जिथे मोजतात ती खोली. तिचं तापमान बारा महिने वीस अंश. मे महिन्यात सगळ्यांनाच तिथे काही ना काही काम निघायचं. पण सर दारातच थांबवायचे. "पार्ट बाहेरून आला की वीस अंशावर यायला वेळ घेतो. माणूसही घेतो. उभा राहा." मग आपण मोजे घालून पायपुसण्यावर उभे. एकदा खुद्द प्लँट हेडना त्यांनी असं पंधरा मिनिटं उभं केलं होतं. साहेब आधी चिडले, मग घड्याळ बघत राहिले, आणि शेवटी म्हणे दोघांनी खिडकीतून दिसणाऱ्या आंब्याच्या झाडाबद्दल चर्चा केली.

सरांचा आवाज कधी चढला नाही. एखादा पार्ट चुकला, तर तो तुमच्या हातात परत ठेवून ते दोनच शब्द बोलायचे, "मापात नाही." यावर अपील नव्हतं. हे दोन शब्द त्यांनी कँटीनच्या इडलीलाही लावले (जाडी मोजायचा व्हर्नियर लावून, सगळ्यांसमोर, चार इडल्या चार जाडीच्या निघाल्या), गणपतीच्या कमानीलाही लावले आणि स्वतःच्या निरोपसमारंभात मिळालेल्या घड्याळालाही लावले. घड्याळाच्या चौकटीला त्यांनी स्टेजवरच खिशातला छोटा गुण्या लावून कोपरा तपासला. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचललेले, ते तसेच हवेत. "मापात नाही," ते म्हणाले, आणि घड्याळ छातीशी धरून खाली उतरले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. "मुली मापात नसणार," असं कँटीनमध्ये आम्ही बोलायचो. सगळ्यात जास्त मीच बोलायचो. ते काही खरं नव्हतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर महिनाभराने त्यांचा फोन आला. "रविवारी काय करतोस?"

"काही नाही सर."

हे वाक्य वरिष्ठांना कधी बोलू नये, एवढी अक्कल मला पंधरा वर्षांच्या नोकरीत यायला हवी होती.

पुढच्या रविवारी सकाळी सातला मी चिंचवडला त्यांच्या घरी. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल, आणि उरलेल्या सगळ्या जागेत, पांढऱ्या चादरीवर, मोटारसायकल. ब्रिटिश बनावटीची, छप्पन सालची. काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ. पाहुण्यांसाठी दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ते मला म्हणाले, "बस गाडीवर. स्टँडवर आहे, हलत नाही." मी बसलो. माझ्या खालच्या त्या वस्तूला त्यांनी मुलासारखं वाढवलंय हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी सहज क्लच दाबून पाहिला. सरांनी कापड आणलं आणि माझं बोट लागलेली जागा पुसली.

"हिला साइडकार बघायची आहे," ते म्हणाले. "तुझ्याकडे चारचाकी आहे. मी पेट्रोल टाकतो."

मला वाटलं, दोन-तीन रविवारांचं काम. ते तीन वर्षं चाललं.

साइडकार म्हणजे मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडायची एका चाकाची बैठक. आपल्याकडे पूर्वी स्कूटरला लावून आख्खी कुटुंबं त्यातून लग्नाला जायची. स्कूटरच्या साइडकारी अजून पुष्कळ मिळतात, आणि आम्ही कुदळवाडीच्या भंगारबाजारात गेलो की तिथले चाचा दर वेळी एक नवी बाहेर काढायचे. "ही बघा साहेब, एकदम कडक."

"ही स्कूटरची आहे."

"लावायची तर लागते."

"साल कुठलं?"

"साल?" चाचा माझ्याकडे बघायचे. "भाऊ, साहेबांना साइडकार पाहिजे का जन्माचा दाखला?"

सरांचं म्हणणं साधं होतं. गाडी छप्पनची, तर साइडकार छप्पनची किंवा त्याआधीची. नंतरची चालणार नाही. "माणूस आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या शेजारी बसू शकतो," ते मला समजावायचे. "जो जन्मालाच आला नाही त्याच्या शेजारी कसा बसेल?" शिवाय बोल्टचे आटे ब्रिटिश हवेत. ब्रिटिश आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, आपल्या मेट्रिकचा साठ. या पाच अंशांसाठी आम्ही तळेगाव, राजगुरुनगर, मंचर, जुन्नर सगळं पालथं घातलं. एका फार्महाउसवर साइडकारीत शेवंती लावलेली होती. एका मंडपवाल्याकडे ती चंदेरी रंगवून नवरा-नवरीच्या फोटोसाठी ठेवली होती. सर दोन्हीकडे गुडघ्यांवर बसले, आट्यात कोन मोजायचा गेज घातला, मागचा नंबर कागदावर उतरवला आणि उठताना म्हणाले, "मापात नाही."

चाकणच्या एका कांद्याच्या अडत्याकडची आठवण मी पाहुण्यांना हमखास सांगतो. त्याच्या वखारीत साइडकार होती आणि ती गळ्यापर्यंत कांद्यांनी भरलेली होती.

"आमच्या आज्याची हाय," अडत्या म्हणाला. "आज्या आजीला हितं बसवून जेजुरीला न्यायचा."

सरांनी दोन्ही हातांनी कांदे बाजूला सारून आत डोकं घातलं. आतून त्यांचा आवाज आला, "चाक बदललंय."

"व्हय, रिक्षाचं घातलंय."

"मडगार्डही."

"ते बैलानं मोडलं."

"मापात नाही."

"अवो काका, आमी त्यात कांदा ठिवतो. कांद्याला माप कशाला पायजे?"

सरांनी एक कांदा उचलला, खिशातला व्हर्नियर लावला, आणि म्हणाले, "बासष्ट मिलिमीटर. हा एक्स्पोर्टला जाईल." अडत्या इतका खूश झाला की त्याने आम्हाला चहा पाजला आणि वर पिशवीभर कांदे दिले. माझ्या गाडीला दोन आठवडे वखारीसारखा वास येत होता.

पण खरी गंमत परतीच्या वाटेवर असायची. कंपनीत दिवसाला वीस शब्द बोलणारा हा माणूस, साइडकार नापास करून गाडीत बसला की बोलत सुटायचा. चाकणच्या ट्रकांच्या रांगेत आम्ही तासभर अडकलो तरी त्यांना चालायचं. थर्मासमधला चहा काढायचे. झाकणात मला, आणि स्वतः थर्मासनेच. लहानपणचं सांगायचे, देहूरोडच्या भंगारात दोन खोक्यांत सापडलेल्या या मोटारसायकलचं सांगायचे, एकेक पार्ट फाइलने घासून कसा बनवला ते सांगायचे. एखादी साइडकार लांबून जरा बरी दिसली, की त्यांचा चेहरा पडायचा. जवळ जाऊन खोट सापडली, की उजळायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी शंभर वेळा पाहिलं. आणि मी क्वालिटीचा माणूस. कंपनी मला दोष कुठून येतो ते शोधायचा पगार देते.

एकदाच ते परतीला गप्प होते. जुन्नरहून येत होतो. मी सहज विचारलं, "सर, साइडकार हवी हे पहिल्यांदा कधी वाटलं?"

"मला नाही, आईला," ते म्हणाले. "तिला मी मागे बसवून पिंपरीला बाजाराला न्यायचो. मग तिचा खुबा मोडला. मागे बसता येईना. म्हणाली, बाजूला बसायचं असतं ना रे काहीतरी, ते बघ. वर्षभर घरात होती. मीच होतो करायला, दुसरं कोण. लग्नाचं त्यातच राहून गेलं." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "एक मिळाली होती. स्कूटरची."

"मग?"

"मापात नव्हती."



आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगण्याआधी आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. क्वालिटी खात्यात दर सोमवारी मीटिंग असते. भिंतीवर यादी लावतात: कुठली तक्रार, कुणाकडे, किती दिवस पेंडिंग. ज्याच्या नावावर जुना पॉइंट उघडा दिसतो, त्याला सगळ्यांसमोर उभं राहून कारण द्यावं लागतं. वीस वर्षं हे केलं की माणसाला घरातला उघडा दरवाजाही सहन होत नाही. पॉइंट आला की क्लोज करायचा. पॉइंट क्लोज करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत होतो, अगदी परवापरवापर्यंत.

सरांची साइडकार हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात जुना पेंडिंग पॉइंट झाला होता. त्यात बायकोही बोलायला लागली होती. "घरातलं स्टूल चार महिने डुगडुगतंय, आणि तुम्ही लोकांच्या गोठ्यात जाऊन आटे बघता."

मग मी ठरवलं. सरांना न सांगता जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे फोनवरचे गट धरले, फोटो मागवले. वाईकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या गोठ्यात चोपन्न सालची साइडकार निघाली. त्यांच्या वडिलांची. मी सुट्टी टाकून गेलो. सरांनी तीन वर्षांत शिकवलेलं सगळं केलं: गुडघ्यांवर बसलो, आट्यात गेज घातला, नंबर उतरवला, सांगाडा सरळ आहे का ते दोरी धरून पाहिलं. पंचावन्न अंश. डाव्या बाजूची. चाक मूळचं. मला एकट्यालाच गोठ्यात हसू फुटलं. गुरुजी म्हणाले, "न्या. कुणीतरी बसेल तरी तिच्यात."

खंडेनवमीच्या दिवशी मी ती टेम्पोत घालून चिंचवडला नेली. त्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा असते. कंपन्यांत मशिनला हार घालतात, लेथवर झेंडूची फुलं ठेवतात. सरांनी टेबलावर आपली सगळी गेजं मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. मी म्हटलं, "सर, बाहेर या."

ते बाहेर आले. साइडकार बघितली. माझ्याकडे बघितलं. आत जाऊन चष्मा आणि गेजं घेऊन आले, हळदीकुंकवासकट. दोन तास तपासणी चालली. मी ट्रेनी असल्यासारखा बाजूला उभा. टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. अखेर सर उठले, रुमालाने हात पुसले आणि एखादं रीडिंग वाचून दाखवावं तसं म्हणाले, "मापात आहे."

तीन वर्षांत, खरं तर अठरा वर्षांत, मी हे पहिल्यांदा ऐकत होतो. पाहुण्यांना सांगताना मी इथेच थांबतो. टाळ्या इथेच पडतात.

पुढे असं झालं. सर पायरीवर बसले. म्हणाले, "मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी काय सर, आता तुम्ही फिरा!" मी मोठ्याने म्हणालो. त्यांच्या पाठीवर थाप मारायचीच बाकी होती. पेढा खाल्ला, टेम्पो सोडला आणि शीळ घालत पुनावळ्याला घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "मग आता ते रविवारी काय करणार?"

"फिरतील की."

"कुणाबरोबर?"

मी म्हटलं, "तुला कशातच आनंद नाही." आणि स्टूल दुरुस्त करायला घेतलं.

त्यानंतर कित्येक महिने मी गेलो नाही. असं काही ठरवलं नव्हतं. रविवारी मुलीचा क्लास, सासुरवाडीचं कोणी, मॉलमध्ये उगाच एक चक्कर, आणि उरलेल्या रविवारी ओव्हरटाइम. सरांचा फोन आला नाही. काम असल्याशिवाय फोन करायची त्यांना सवयच नव्हती, आणि त्यांचं काम तर मी संपवून टाकलं होतं. मी एकदा फोन केला, तेव्हा म्हणाले, "बसवतोय. वेळ लागतो." ठेवला.

मग एका रविवारी ओव्हरटाइमला निघालेल्या कंपनीच्या बसमधून आम्हाला ते दिसले. पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडवर. काळीभोर मोटारसायकल, डाव्या अंगाला तशीच काळी साइडकार, वर सोनेरी रेघ ओढलेली. सर ताठ बसलेले. आणि साइडकारीत सीटवर वाळूचं पोतं, त्याला पट्टा बांधलेला.

बसमध्ये हलकल्लोळ झाला. "अरे, सर पोत्याला फिरवायला निघालेत राव!" "वहिनी आहेत का रे त्या?" "मापात असणार!" यातलं शेवटचं माझं. मग हसू ओसरल्यावर मी नव्या पोरांना कारण समजावलं. साइडकार रिकामी असली की डावीकडे वळताना तिचं चाक हवेत उठतं, गाडी पलटी होऊ शकते. म्हणून बसायला माणूस नसेल, तर वजन ठेवावं लागतं. पोरं माना हलवत होती. कारण अगदी बरोबर सांगत होतो मी. सांगता सांगता ते मलाच ऐकू आलं, आणि पुढे चाकण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो. सर गाडी बाहेर काढतच होते. "ये," म्हणाले. जणू मी गेल्या रविवारीही आलो होतो.

"सर, पोतं काढा. आज मी बसतो."

"वजन?"

"ब्याऐंशी."

"पोतं साठचं आहे." ते साइडकारीला वळसा घालून आले. "मोटारसायकलचा कल, चाकाचा कोन, सगळं साठला सेट केलंय. चार महिने लागले."

"मग बदलू या ना. ब्याऐंशीला करू."

"करता येईल." त्यांनी पान्याची पिशवी उघडली, मग तशीच बंद केली. "पुढच्या रविवारी येशील?"

मी आठवू लागलो. पुढच्या रविवारी मेहुण्याकडे वास्तुशांत होती. त्याच्या पुढच्या रविवारी ऑडिट.

"पोतं येतं," सर म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. तसा असता तर मी काहीतरी विनोद करून सुटलो असतो. त्यांनी फक्त मोजून सांगितलं, आणि ते माप बरोबर होतं. नंतर मी जात राहिलो, पण महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा गाडी आणि साइडकार सांगलीहून आलेल्या त्यांच्या भाच्याने नेली. ब्याऐंशीचं सेटिंग कधी झालं नाही. मी येणार त्या दिवशी ते पोतं बाहेर काढून ठेवायचे, मी गेलो की परत उचलून आत.

पण मला सांगायचा आहे तो हा पहिला रविवार. पोतं आम्ही दोघांनी धरून पायरीशी ठेवलं. मी आत उतरलो. माझं पोट आणि ती साइडकार यांची मापं नक्कीच जुळत नव्हती. "आजच्यापुरतं चालेल. डावीकडे जरा ओढेल," एवढंच म्हणाले आणि किक मारली.

साइडकारीत बसलेल्या माणसाला काही बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. इंजिनाचा आवाज थेट कानात, वारा तोंडावर, आणि चालवणारा इतका उंच, की दिसतं ते फक्त त्याचं कोपर. तीन वर्षं गाडीत बडबडणारे आम्ही दोघं, आता हातभर अंतरावर आणि मुके. मी एकदा ओरडलो, "सर, मस्त वाटतंय!" त्यांना ऐकू गेलं नाही. मी गुडघे जवळ घेऊन रस्ता बघत बसलो. रावेतच्या बाजूने आम्ही नदीकडे निघालो. टॉवरच्या रांगा मागे पडल्या. रस्ता रिकामा होता.

पहिलं डावं वळण आलं. माझ्या खालचं चाक जमिनीला धरून राहिलं, गाडी किंचित ओढली गेली, आणि वळण पार पडलं. मग सरांनी समोर बघतच डावा हात हँडलवरून काढला आणि खाली आणून माझ्या खांद्यावर ठेवला. दाबून पाहिला. जागेवर आहे ना, सरकलं नाही ना, म्हणून दर वळणानंतर पोतं चाचपायची त्यांना सवय लागली असणार. हात खांद्यावर आल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असेल. पण त्यांनी तो काढला नाही. पुढचं वळण येईपर्यंत हात तिथेच राहिला, आणि मी अजिबात हललो नाही.